नारिंगी कणांचं कवच

"गेला जी, मॅडम," मायक्रोस्कोप चालवणारे भाऊ म्हणाले आणि त्यांनी दिव्यासमोरची झडप बंद केली.

मिनिटाभरापूर्वी पडद्यावर नारिंगी ठिपके होते, पेशींच्या कडेकडेनं, कुठे दाट, कुठे विरळ. बघता बघता ते मळकट झाले आणि मग पडदा नुसता काळा. हे चौथ्यांदा होत होतं. पहिल्या वेळी मी बाहेर जिन्यात बसून रडले होते. दुसऱ्या वेळी भाऊंशी वाद घातला होता की तुमचा दिवाच फार तीव्र आहे. तिसऱ्या वेळी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला होता. चौथ्या वेळी मी स्लाइड काढली, डबीत ठेवली, वहीत "पन्नास सेकंद" असं लिहिलं आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते पाहिलं.

भाऊ चांगले होते. नागपूरच्या त्या संस्थेत ते एकटेच तो मायक्रोस्कोप सांभाळायचे. त्याचा पाऱ्याचा दिवा ठरावीक तासच चालतो, मग बदलावा लागतो, म्हणून लावल्या-विझवल्याची वेळ ते एका रजिस्टरात लिहून ठेवत. माझ्या नावापुढे त्यांना फारसं काही लिहावं लागत नसे. दिवा लावला, पेशी दिसल्या, कण दिसले, कण विझले, दिवा बंद.

"पुढच्या टायमाले घट्ट करून आणा," ते म्हणाले. घट्ट म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

मी तुमसरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. दर वर्षी जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, तेच लोक, तेच प्रश्न. चाळिशी जवळ आली होती. घरी मी आणि बाबा. आई मी बीएस्सीला असतानाच गेली. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खदानीत कामाला होते. ते निवृत्त झाले, कॉलनीतलं घर सोडावं लागलं आणि आम्ही तुमसरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. कायमची जागा निघाली तर पीएचडी लागेल असं सगळे सांगत होते, म्हणून मी नाव नोंदवलं. ज्ञानाची ओढ वगैरे पुढे मुलाखतीत सांगितलं, पण सुरुवात अशी झाली.

नागपूरच्या सरांनी पहिल्या भेटीत तीन विषय समोर ठेवले. दोन मला नीट कळले नाहीत. तिसरा होता झिंक सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण. त्यात चिमूटभर मँगनीज घातलं की अतिनील प्रकाशात ते नारिंगी चमकतात. असे कण पेशींना चिकटवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. ज्या गोष्टी एरवी दिसत नाहीत त्या उजळून दिसतात. काम इतकंच होतं की ते कण टिकाऊ करायचे. मँगनीज हा शब्द मला ओळखीचा वाटला. विषय निवडायला तेवढं कारण पुरलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांना भारी कौतुक वाटलं.

"आपल्या खदानीतला मंगनीज हाये का थो?"

"नाही बाबा, बाटलीतला. गुलाबी खडे असतात. मुंबईहून येते."

"पन मुंबईले तं इथूनच गेला असंन ना?"

मी म्हटलं, असेल. नसेलही. त्यांनी शेजारच्या काकूंना जाऊन सांगितलं की पोरगी आपल्या खदानीवर अभ्यास करून राहिली. मी ते दुरुस्त करायला गेले नाही.

कण बनवणं अवघड नव्हतं. दोन-तीन क्षार पाण्यात विरघळवायचे, नायट्रोजन सोडायचा, सल्फाइडचं द्रावण घालायचं, तापवत ठेवायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये मी अतिनील टॉर्च मारला की चंचुपात्र आतून पेटल्यासारखं दिसायचं, पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचं. बीएस्सीच्या मुली बघायला यायच्या, मोबाइलवर फोटो काढायच्या. त्रास होता तो वासाचा. सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो आणि कणांना बाहेरून जे आम्ल लावतात त्याचा वास त्याहून वाईट. तो हाताला बसतो. साबण, लिंबू, बेसन, काही चालत नाही. शनिवारी तुमसर रोड स्टेशनहून पॅसेंजरनं नागपूरला जाताना बायकांच्या डब्यात माझ्या शेजारची बाई हळूहळू सरकायची, मग उठून दारात उभी राहायची. एकीनं तोंडावर विचारलं, "बाई, पोट ठीक नाही का?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर मी हात ओढणीत गुंडाळून बसायला लागले.

खरी अडचण कण झाल्यानंतर सुरू व्हायची. साध्या पाण्यात ते महिनाभर छान राहायचे. पेशी ज्या खारट द्रावणात ठेवतात त्यात घातले की एकमेकांना चिकटायचे आणि तासाभरात तळाला पांढरट गाळ. त्यातूनही जे वाचायचे ते दिव्याखाली विझायचे. गंमत म्हणजे आधी काही सेकंद ते जास्तच उजळायचे. त्या काही सेकंदांत दर वेळी मला वाटायचं की या वेळी जमलं. मग उतरण सुरू व्हायची.

सर म्हणाले, "कणांचा पृष्ठभाग उघडा आहे. मीठ, हवा, प्रकाश, सगळं थेट त्यालाच लागतंय. सिलिकाचं कवच चढव."

सिलिका म्हणजे वाळू ज्याची असते तेच. कणांना अल्कोहोलमध्ये घ्यायचं, थोडा अमोनिया घालायचा आणि सिलिका देणारं एक रसायन थेंबाथेंबानं सोडायचं, की प्रत्येक कणाभोवती काचेसारखा पातळ थर बसतो. पुस्तकात हे चार ओळींत आहे. मी त्यावर दोन वर्षं घालवली. पहिल्यांदा रसायन लवकर पडलं आणि पात्रात साबुदाण्यासारखे गोळे झाले. दुसऱ्यांदा मधेच लाइट गेली, ढवळणं थांबलं, सगळं तळाशी जमलं. पुढे गोळे होणं थांबलं, कवचही चढलं, पण ते असून नसल्यासारखं. चौथ्यांदा मी जे नागपूरला नेलं होतं ते असंच होतं. पन्नास सेकंद.

सर चिडले नाहीत. ते दीड वर्षात निवृत्त होणार होते, त्यांच्या केसांप्रमाणे आवाजातलाही रंग उतरला होता. त्यांनी माझी वही उलटून पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे दोन तासांत का संपवलंस?"

"लॅब पाचला बंद होते सर. तास संपून मी मोकळी होते तीनला."

"म्हणजे कवच तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे बसतंय."

ते खरंच होतं. प्रयोगशाळेची किल्ली ज्या शिपाई मामांकडे होती त्यांना आंधळगावची बस पकडायची असायची. पावणेपाचला ते दारात उभे राहून किल्ल्या वाजवायचे. मी हळूच थेंब सोडणाऱ्या नळीची तोटी जरा सैल करायचे. थेंब धावायचे. हे मी वहीत कधी लिहिलं नाही, पण आकडे सांगत होते. थेंब आपोआप ठरल्या गतीनं सोडणारं यंत्र असतं. ते सरांच्या लॅबमध्ये होतं, पण त्यावर पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांची रांग. मी शनिवारी येणारी बाई.

त्या चौथ्या वेळेनंतर घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. मी चप्पल काढली आणि तिथेच पायरीवर बसले.

"काय झालं वो?"

"विझला."

"मंग?"

"मंग काय? परत करा."

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "थो जो थर देतेस, थो किती वेळ देतेस?"

"दोन तास."

"आन सावकाश देला तं?"

"सावकाश म्हणजे आठ-आठ तास बाबा. तीन दिवस. एक थर, मग थांबायचं, मग दुसरा. नळीतलं पाणी कमी झालं की थेंबाचा वेग बदलते, सारखं पाहावं लागते. मी तास घेऊ का नळीजवळ बसू?"

"मी बसतो," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही, रागच आला. दिवसभराच्या प्रवासानं अंग आंबलं होतं आणि कोणीतरी काहीतरी सोपं सांगतंय असं वाटलं. मी आत जाऊन पडले. पण पडल्यावर डोळ्यांपुढे आलं की बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. खदानीत ते पाणी उपसणाऱ्या पंपावर होते. जमिनीखालच्या बोगद्यात एका खोलगट जागी पाणी साचायचं, त्याच्या काठाला पंप आणि पंपाशेजारी लोखंडी खुर्चीवर बाबा. आठ तास. पाणी फार उतरू द्यायचं नाही, नाहीतर पंप हवा ओढतो. फार चढू द्यायचं नाही. हातात दिवा, समोर पाणी, कानात पंपाचा आवाज. सुट्टीच्या दिवशीही ते झोपेतून उठून बसायचे, कारण आवाज थांबला असं त्यांना वाटायचं. आई वैतागायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी प्राचार्यांची परवानगी काढली. त्यांनी विचारलं, सोबत कोण असेल? मी म्हटलं, वडील. त्यांनी सही केली, किल्ली माझ्याकडे देववली आणि मामांना सुट्टीवर जाऊ दिलं.

धान कापणीचे दिवस होते. रस्त्यावरून बैलबंड्या चालल्या होत्या, कॉलेजच्या कुंपणाबाहेर कोणीतरी धान वाळत घातलं होतं, त्यामुळे फाटक अर्धंच उघडायचं. बाबा सकाळी आठला पांढरा सदरा घालून, डबा आणि घरची उशी घेऊन आले. लॅबच्या स्टुलावर त्यांनी उशी ठेवली. मी त्यांना मास्क दिला, चष्मा दिला, अमोनियाची बाटली दाखवून सांगितलं की हिला हात लावायचा नाही, खिडक्या बंद करायच्या नाहीत. नळीची तोटी कशी फिरवायची ते दाखवलं. मिनिटाला सहा थेंब.

"साहा," ते म्हणाले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर नळीच्या पायाशी ठेवलं.

पहिल्या दिवशी मी सारखी उठून बघत होते. थेंब मोजायचे, परत मोजायचे. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की ते माझ्यापेक्षा बरे मोजतात. ते आकडा तोंडानं म्हणत नव्हते, फक्त अंगठा बोटाच्या पेरांवरून फिरवत. तोटीला ते हात लावायचे तेव्हा ती हलल्याचंही दिसायचं नाही.

"कंटाळा येते का?" मी विचारलं.

"इथं तं उजेड हाये," ते म्हणाले. "खिडकी हाये. मानसं बी दिसतेत."

संध्याकाळी तोटी बंद केली. पात्र ढवळत ठेवून आम्ही घरी गेलो; इन्व्हर्टर होता, आणि लाइट गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. त्या दिवशी मी पहाटे उठून फराळाचं थोडं केलं होतं, दिवे लावायचे होते, शेजारच्या काकूंकडे जाऊन यायचं होतं, आणि सुट्टी असूनही कॉलेजचे पेपर तपासायचे राहिले होते. दुपारी डबा खाल्ला आणि पेपर पुढे ओढून बसले. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा गालाखाली उत्तरपत्रिका होती आणि ऊन खिडकीतून दुसऱ्या टेबलावर गेलं होतं. मी दचकून नळीकडे पाहिलं. थेंब पडत होता.

"मले उठवलं काहून नाही?"

"कायले उठवू? पानी बरोबर होतं."

माझी वही त्यांच्यासमोर उघडी होती. मी दर अर्ध्या तासाला नोंद करत होते ती त्यांनी पुढे चालू ठेवली होती. माझ्या बारीक अक्षरांखाली त्यांची मोठी, सुटी अक्षरं: दोन वाजता साहा. अडीच वाजता साहा. तीन वाजता पाच झाले, सैल केली, साहा. साडेतीन वाजता साहा. तो पाचाचा उल्लेख बघून मला कसंतरीच झालं. माझ्या वहीत असं कधीच नव्हतं. माझ्या वहीत सगळं नेहमी ठरल्याप्रमाणेच होतं.

तिसऱ्या दिवशी कण वेगळे करून धुतले. थोडे खारट द्रावणात घालून ठेवले. तासाभरानं गाळ नव्हता. दोन तासांनी नव्हता. संध्याकाळी टॉर्च मारला. नारिंगी आधीपेक्षा थोडं फिकं होतं, पण तळापासून वरपर्यंत सारखं. बाबा म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "हे तर पहिलं दार आहे. नागपूरला दिव्याखाली ठेवल्याशिवाय काही खरं नाही." आनंद झाला का? मला वाटतं, मला त्या वेळी फक्त पाठ टेकायची होती.

नागपूरला फोन केला तर भाऊ म्हणाले, "मॅडम, दिवा संपला. तास भरले. नवीन येईन तवा सांगतो."

नवीन दिवा यायला आठ-नऊ आठवडे गेले. कागद कुठूनतरी कुठेतरी जात होते. कणांची बाटली लॅबच्या कपाटात होती. आधीचे कण खारट द्रावणात दिवसभरही टिकले नव्हते, आणि हे इतके आठवडे टिकतील याची मला आशा नव्हती. दर शनिवारी मी बाटली काढायचे, हलवायचे नाही, तळ बघायचे, टॉर्च मारायचे, चमक मोजायचं कॉलेजचं जुनं यंत्र होतं त्यात थोडं घालून आकडा लिहायचे. आकडा जवळजवळ हलत नव्हता. मला वाटायचं, यंत्रच अडकलंय.

आणि रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "लागला का दिवा?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी परत. "लागला का दिवा?"

एका संध्याकाळी मी दिवसाचे पाच तास घेऊन आले होते. एका विद्यार्थिनीनं आम्ल सांडलं होतं, विभागप्रमुखांनी माझे दोन तास कमी होतील असं चालता चालता सांगितलं होतं. मी दारात पाऊल ठेवलं आणि त्यांनी विचारलं.

"बाबा, दिवा लागला तं मी सांगीन ना! रोज रोज कायले विचारता? तुमाले काय समजते त्याच्यातलं?"

मी हातपाय धुतले, स्वयंपाक केला, आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी माफी मागितली नाही. आमच्या घरी तशी पद्धत नाही. मी त्यांच्यासाठी एकदा गुळाची पोळी केली, त्यांनी दोन खाल्ल्या, चांगली झाली म्हणाले. पण विचारलं नाही. घरात आल्यावर तो प्रश्न येत नाही याचा मला फार त्रास व्हायला लागला, आणि दिव्याबद्दल आपणहून सांगण्यासारखं काही नव्हतं.

फोन आला तेव्हा कडाक्याची थंडी होती. मी बाटली रुमालात गुंडाळून डब्यात ठेवली आणि सकाळच्या गाडीनं निघाले. बाबांना "नागपूरले जाऊन राहिली" एवढंच सांगितलं.

पेशी तिथल्या लॅबनं तयार ठेवल्या होत्या. कण घातले, थांबलो, धुतलं, स्लाइड लावली. भाऊंनी झडप उघडली आणि वेळ लिहिली. ठिपके दिसले. पहिले काही सेकंद ते नेहमीसारखे थोडे उजळले. मी घड्याळ लावलं होतं आणि बघत नव्हते. दर अर्ध्या मिनिटाला भाऊ एक फोटो घेत होते, त्याचा टक् असा आवाज यायचा.

पन्नास सेकंद होऊन गेले असावेत. मी पडद्याकडे बघितलं. होते. दोन मिनिटं. होते. पेशीच्या आतल्या गोलाकाराभोवती एक कडं दिसत होतं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण ते दिसेपर्यंत सगळं विझलेलं असायचं. पाच मिनिटं. किंचित उतरलं होतं, पण होतं.

"दहा झाले, मॅडम," भाऊ म्हणाले. माझं आरक्षण दहाच मिनिटांच्या प्रकाशाचं होतं. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, नव्या दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालू ठेवू का?"

"ठेवा."

वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःच बंद केला. तोपर्यंत चमक सुरुवातीच्या निम्म्याहून बरीच जास्त होती. ते माझ्याकडे बघून हसले. मीही हसले असेन. मला एवढंच आठवतं की मला चहा हवा होता.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. भंडारा रोड गेल्याचं आठवतं. मग कोणीतरी खांदा हलवला. "बाई, कुठी उतरता?" बाहेर फलाटावर तिरोडा लिहिलेलं होतं. तुमसर रोड मागे राहिलं होतं. मी पिशवी उचलून धडपडत उतरले, बाकावर बसले आणि घरी फोन लावला.

"कुठी हायेस?" बाबा म्हणाले.

"तिरोड्याले."

"तिरोड्याले काहून?"

"झोपली होती. गाडी पुढं आली."

मग ते म्हणाले, "राह्यला का?"

"राह्यला बाबा. वीस मिनटं. बंद केला तेव्हाबी होताच."

"मंग ये आता सावकाश. भात मी लावतो."

मला तिथे रडू आलं. वीस मिनिटांसाठी नाही. त्यांनी विचारलं म्हणून.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी लेख लिहायला लावला, आम्ही तो पाठवला आणि दोन महिन्यांनी उत्तर आलं: निकाल चांगला आहे, पण एकाच खेपेचा आहे, वेगवेगळ्या दोन खेपा बनवून तेच दाखवा. मागणी रास्त होती. मीही परीक्षक असते तर तेच लिहिलं असतं. पण तो मेल वाचल्यावर मी मोबाइल उलटा ठेवून दिवसभर त्याला हात लावला नाही.

पुन्हा करायचं ते मे महिन्याच्या सुट्टीतच शक्य होतं. बाबांच्या डोळ्यात तोवर मोतीबिंदू उतरला होता. ते एक दिवस येऊन बसले, पण थेंब दिसत नाही म्हणाले, दोन-दोन दिसतात. त्यांना घरी सोडून मी एकटी बसले. भंडारा जिल्ह्यातला मे. पत्र्याखालची लॅब, पंखा लावावा तर अल्कोहोल उडून जातं, बंद करावा तर आपण उडून जाऊ. पहिली खेप वाया गेली. द्रावण उन्हानं आटलं आणि परत तेच गोळे. मग मी पहाटे पाचला जाऊन अकराला थांबायला लागले, पात्र पाण्याच्या घमेल्यात ठेवलं, त्यात बर्फ घालत राहिले. तीन दिवसांचं काम सहा दिवसांत. थेंब मोजताना मला बाबांसारखं पेरांवर मोजता येईना. मी पुटपुटत मोजायचे आणि चुकायचे. पण पाच झाले तर पाच लिहायला शिकले होते. दोन खेपा जमल्या. दोन्ही टिकल्या. एक थोडी कमी, एक थोडी जास्त. लेख छापून आला. सरांनी फोन करून अभिनंदन केलं आणि लगेच म्हणाले की प्रबंधातली पानांची मांडणी विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सावध गृहस्थ होते. त्यांनी प्रयोगाची वही मागितली. उलटता उलटता थांबले.

"हे अक्षर वेगळं आहे. कोणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"ते केमिस्ट्रीत आहेत?"

"नाही सर. खदानीत पंप चालवायचे."

माझे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, आता संपलं. परवानगी, नियम, काय काय विचारतील. परीक्षकांनी ते पान पुन्हा वाचलं. "तीन वाजता पाच झाले, सैल केली," ते सावकाश, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. मग पान उलटून त्यांनी कवचाच्या जाडीबद्दल विचारलं, आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

पदवी मिळाली. कायमची जागा अजून निघालेली नाही. जूनमध्ये मी परत अर्ज केला, नावाआधी डॉ. लिहून. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं थंडीत करू असं डॉक्टर म्हणाले आहेत. कवच देण्याची पद्धत नागपूरच्या दोन मुली वापरतात; त्यातल्या एकीनं मागे फोन करून विचारलं होतं की अमोनिया आधी घालायचा की नंतर. मी सांगितलं. तिला सांगताना बरं वाटलं, पण फोन ठेवल्यावर परत तास होता.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी नागपूरला गेले होते. सत्कार झाल्यावर ते खाली कँटीनमध्ये आले, गळ्यातला हार त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता. आम्ही चहा घेतला. त्यांनी विचारलं, "पुढे काय करणार आहेस?"

"झोपणार आहे सर."

ते हसले. "मीही," म्हणाले. "आणि मग?"

मी घड्याळात गाडीची वेळ पाहिली. चहा फार गोड होता. आम्ही तो संपवला, त्यांनी हार उचलला, आणि मी माझ्या गाडीला निघाले.